जाण्याऐवजी केलेली प्रार्थना

१

एकोणीस वर्षांपूर्वी मी देवाला एक नवस केला. माझी लेक नुकतीच जन्मली होती आणि रडत नव्हती. नर्स तिला पालथी धरून पाठ चोळत होती, आणि मला पलंगावरून फक्त एक निळसर मूठ दिसत होती. मी म्हटलं, "प्रभू, हिला श्वास दे. तू ज्याला माझ्या मनात आणशील, त्याच्या दाराशी मी त्याच दिवशी जाईन. का, म्हणून विचारणार नाही."

लेक रडली. एवढीशी होती, म्हणून घरात तिचं नाव कणी पडलं. ते अजून तसंच आहे, कणी आता माझ्यापेक्षा उंच झाली तरी.

नवस बोलताना माणूस घाईत असतो, निभावताना सगळं बारीकसारीक ठरवावं लागतं. मनात तर दिवसभर पन्नास माणसं येतात, मग कुणाकडे जायचं? हळूहळू मला खूण कळली. एखादा चेहरा काही कारण नसताना येतो. भांडी पुसताना, जिन्यात, केस विंचरताना. एकदा आला तर मी म्हणते, असेल. दुसऱ्यांदा आला की हात थांबतो. तिसऱ्यांदा आला की चपला.

पुष्कळदा दार उघडणाऱ्याला हसू येतं. शिंपी म्हणाला होता, "वहिनी, तुमचे कपडे शनिवारी म्हटलं होतं ना?" मी म्हटलं, कपड्यांसाठी नाही आले. "मग?" मग काय, ते मलाही ठाऊक नव्हतं. तो हसला, आणि मग दाराला टेकून हळूच म्हणाला, "बरं झालं आलात. ही सकाळपासून एका जागी बसलीय. माझ्याशी बोलत नाही." खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई, नोकरीतून निवृत्त झाल्या तरी हे नाव सुटलं नाही, त्या तर दारातच विचारतात, "आज देवानं पाठवलं की साखर संपली?" मी म्हणते, दोन्ही.

एकोणीस वर्षांत मी एकदाही चुकले नाही. हे मी अभिमानानं सांगायची. तिथेच कुठेतरी कीड लागली असावी.

२

मोठ्या जाऊबाई पुलापलीकडे राहतात. चालत बारा मिनिटं. दीर गेल्यापासून एकट्याच. मूलबाळ नाही. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला धाकटे म्हणतात. म्हणायच्या.

सासूबाईंच्या अंत्यविधीनंतर घर भरलेलं होतं. चर्चचे पाळकसाहेब चहा घेत होते, मंडळीतल्या बाया माझं कौतुक करत होत्या की ही किती जणांच्या दाराशी जाते. ताई कपांचा ट्रे घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "देवाच्या नावानं दारोदार फिरते खरी. म्हातारी मात्र आठ वर्षं माझ्या माथी होती. तिचा चेहरा नाही आला कधी हिच्या मनात."

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. मी हसले, कारण दुसरं काय करणार. आणि त्या दिवसापासून तीन वर्षं मी पूल ओलांडला नाही.

खोटं बोलल्या असत्या तर मी कधीच माफ केलं असतं.

३

तो मंगळवार होता. कपडे वाळत घालताना ताईंचा चेहरा आला. मी चिमटा लावला आणि तो विषय झटकला. जिना उतरताना पुन्हा आला, या वेळी जवळून. कपाळावर तो एक पांढरा केस, पदार्थाची चव बघताना करतात तसे आवळलेले ओठ. तिसऱ्यांदा मी स्वयंपाकघरात पाव कापत होते. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. सुरी अर्ध्यात थांबली.

मी एका चपलेत पाय घातला. खरंच घातला. मग माझ्या मनात सगळी भेट उभी राहिली. त्या दार उघडणार, वरपासून खालपर्यंत बघणार, आणि म्हणणार, "आला का एकदाचा चेहरा?" त्यावर मी काय बोलणार?

पाय बाहेर काढला. आतल्या लहान खोलीत गेले. तिथे खिडकीखाली एक खुर्ची आहे, तिच्यासमोर गुडघ्यांखाली घ्यायची उशी. ती माझी प्रार्थनेची जागा. मी गुडघे टेकले आणि म्हटलं, "प्रभू, मी जाण्यापेक्षा तूच जा. मी इथून तिच्यासाठी विनवते. जाण्यापेक्षा प्रार्थना मोठी, नाही का?"

त्यानं उत्तर दिलं नाही. मीच दिलं. आणि अर्धा तास प्रार्थना केली. इतकी सुरेख प्रार्थना मी जन्मात केली नव्हती. शब्द पाण्यासारखे येत होते. मधेच मी स्वतःचं ऐकत असल्याचं लक्षात आलं. उठले तेव्हा फार हलकं वाटत होतं, एखादी जड पिशवी दुसऱ्याच्या हातात दिल्यासारखं.

एवढंच नंतर आठवलं, की मी शेवटचं आमेन म्हटलं नव्हतं.

४

बुधवारी मी बाजारातून पिशवी घेऊन आले. जिन्यात टायपिस्टबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वर बघितलं.

"तू कधी उतरलीस?"

"मी आत्ता येतेय. सकाळी गेलेली."

"काहीतरीच. आत्ता वर बोलत होतीस. देवाशी. मी म्हटलं, चालू दे, म्हणून साखर मागायला आले नाही."

"कणी असेल."

"कणीचा आवाज नाही का मी ओळखत? आणि कणी कॉलेजात नाही होय?"

दाराला कुलूप होतं. मी लावलेलं, दोन फेऱ्यांचं. उघडलं. घरात काही नव्हतं, फ्रिजची घरघर तेवढी. मी पिशवी ठेवली आणि सहज, अगदी सहज, लहान खोलीत डोकावले. खुर्ची जागेवर, खिडकी बंद. उशीवर दोन खळगे होते. गुडघ्यांचे असतात तसे. कालचे असतील, मी म्हटलं, आणि उशी झटकायला उचलली.

ती कोमट होती.

ऊन पडलं असेल, असंही मी म्हटलं. त्या खिडकीत ऊन दुपारी तीननंतर येतं, हे मला त्या घरात बावीस वर्षं राहून माहीत होतं.

५

आमचे हे शिलाई मशीनं दुरुस्त करतात. कान फार तिखट. मशीनला हात लावायच्या आधी डोळे मिटून ऐकतात आणि सांगतात, कुठला दात झिजलाय. गुरुवारी जेवताना ते म्हणाले, "आज तुझी प्रार्थना ऐकली. सुंदर होती."

"कधी?"

"पाना विसरलो होतो, पावणेबाराला घरी आलो. तू आत होतीस. म्हटलं कशाला मधेच हाक मारा." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "फक्त एक कळेना. तू श्वास कुठे घेतेस गं?"

"म्हणजे?"

"मी दारात उभा राहून पाना शोधला, चांगली पाच मिनिटं. सलग चालू होतं. मशीनसुद्धा दोरा संपला की थांबवावं लागतं."

गुरुवारी सकाळी दहा ते एक मी चर्चमध्ये बाक पुसत होते. माझ्याबरोबर सहा बाया होत्या. मी हे ह्यांना सांगितलं नाही. त्यांच्या ताटात वाढत राहिले. "पुरे," ते म्हणाले, "पुरे, किती वाढतेस," तेव्हा थांबले.

संध्याकाळी कणीला विचारलं, तू माझी प्रार्थना फोनवर भरून ठेवलीस का? गंमत म्हणून?

"मी कशाला भरून ठेवू? रोज फुकट ऐकतेच की."

मग मी कारणं शोधत बसले. भिंतीतून नळ जातो, त्याचा आवाज. शेजारचा रेडिओ. वय. वयाला काय, काहीही चिकटवता येतं. प्रत्येक कारण मी नीट घडी घालून ठेवलं आणि प्रत्येकाच्या आत उशीची ती ऊब होतीच.

पण खरं सांगू? आवाजापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीनं पोखरलं होतं. मंगळवारनंतर एकही चेहरा आला नव्हता. एकोणीस वर्षं माझ्या मनात कुणी ना कुणी येत होतं. आता भांडी पुसताना फक्त भांडी दिसायची. जिन्यात फक्त पायऱ्या. ज्या घरी आपण बरीच वर्षं कामाला आहोत, तिथे एके सकाळी कुणी काहीच सांगू नये, रागावूही नये, तसं. मी विचारलं, "प्रभू, रागावलास का?" माझा आवाज खोलीत पडला आणि तिथेच राहिला.

आणि तरीही मी पुलाकडे गेले नाही. उद्या जाईन म्हटलं. आधी हे काय आहे ते बघू.

६

शुक्रवारी मी बाहेर पडलेच नाही. हे दुकानात, कणी कॉलेजात. दार आतून लावलं, प्रत्येक खोली पाहिली, पलंगाखाली वाकून पाहिलं आणि स्वतःलाच हसले. मग स्वयंपाकघरात घड्याळासमोर बसले. हाताला काम हवं म्हणून शेंगा सोलायला घेतल्या.

साडेअकरा झाले.

आधी वाटलं, आपणच पुटपुटतोय. मी ओठांवर बोटं ठेवली. ओठ मिटलेले होते. आवाज लहान खोलीतून येत होता, आणि माझाच होता, म्हणजे मला आतून ऐकू येतो तसा नाही, इतरांना येत असेल तसा. गोड होता. मला माझा आवाज इतका गोड आहे हे ठाऊक नव्हतं. आणि ह्यांचं बरोबर होतं. तो कुठेच थांबत नव्हता.

मी भिंतीला धरून बोळातून गेले. शब्द हळूहळू सुटे झाले.

"तिच्या उजव्या गालाला ऊब दे, प्रभू, फरशी थंड आहे. नळ चालू राहिलाय, तो कुणीतरी बंद करू दे. तिला हाक मारता येत नाही, तू तिच्यासाठी हाक मार. दाराला कडी नाही, नुसतं लोटलेलं आहे, हे कुणाच्या तरी ध्यानात येऊ दे. बारा मिनिटांवर कुणीतरी आहे, प्रभू, तिला उठव. तिच्या उजव्या गालाला ऊब दे, फरशी थंड आहे..."

इतक्या प्रेमानं. इतक्या शांतपणे. जसं काही घाई नाहीच.

लहान खोलीचं दार चार बोटं उघडं होतं. मी डोळा लावला. खुर्चीसमोर पाठमोरी एक बाई गुडघे टेकून होती. माझा निळा गाऊन. माझाच अंबाडा, डावीकडे कललेला. तोंड दिसलं नाही, आणि ते दिसलं नाही याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते. मला दिसले ते गाऊनखालून बाहेर आलेले पाय.

माझ्या टाचांना भेगा आहेत. कणी म्हणते, आई, तुझ्या टाचांना चादर अडकते. त्या बाईचे तळवे गुलाबी होते. गुळगुळीत, मऊ, एक रेघसुद्धा नाही. ती बाई कधीही, कुणाकडेही चालत गेलेली नव्हती.

आवाज चालूच होता. पण डोकं किंचित वळू लागलं, कुणी मागे आहे का, हे बघताना वळतं तसं.

मी चपलाही घातल्या नाहीत.

७

पुलावर लोक माझ्या पायांकडे बघत होते. मला त्याचं काही नव्हतं. बारा मिनिटं मी किती मिनिटांत गेले ते माहीत नाही. वाटेत एकच वाक्य येत होतं, तेही धड नाही: आले, आले, ताई, आले.

दार लोटलेलं होतं. आत पलंगाशी एक अनोळखी बाई बसली होती, मांडीवर घडी केलेले टॉवेल.

"तुम्ही कोण?"

"मी त्यांची जाऊ. धाकटी."

ती उभीच राहिली. "अहो, मग तुम्हीच ती धाकटी. आम्ही तीन दिवस शोधतोय. त्यांना तेवढा एकच शब्द येतो आता. आम्हाला वाटलं मुलगी असेल, डॉक्टरांनी पण विचारलं, धाकटीचा फोन नंबर आहे का."

ती इस्त्रीवाली होती. मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला इस्त्रीचे कपडे द्यायला आली, दार लोटलं तर उघडलं, आणि ताई न्हाणीघराच्या फरशीवर. उजव्या कुशीवर. नळ चालू.

"किती वेळ पडून होत्या?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

"वरच्या मजल्यावरच्यांनी साडेअकराला आवाज ऐकला म्हणे. त्यांना वाटलं बादली पडली." तिनं टॉवेल खाली ठेवले. "डॉक्टर म्हणाले, तासाभरात आणलं असतं तर वाचा राहिली असती बहुतेक. हात पण. असो. जीव वाचला. काल घरी आणलं."

सहा तास. मी त्यातला पहिला अर्धा तास गुडघ्यांवर होते, आणि नंतर मला फार हलकं वाटत होतं.

ताई जाग्या होत्या. चेहऱ्याची एक बाजू खाली उतरलेली. डोळे मात्र तेच, वरपासून खालपर्यंत बघणारे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं, एका पायातून रक्त येत होतं. म्हणाल्या, "धाकटी."

मी पलंगाशी बसले. सांगितलं. सगळं, खोलीतलं सोडून. चेहरा आला होता, तीनदा आला होता, आणि मी आले नाही. म्हातारीच्या वेळीही येत असेल, मी बघितलाच नसेल. तुम्ही बोललात ते खरं होतं, म्हणून मी आले नाही. त्यांनी डावा हात उचलला. मला वाटलं मारणार, आणि मी गाल पुढे केला. त्यांनी चादरीच्या टोकानं माझ्या कपाळावरचा घाम पुसला. नीट पुसता येत नव्हतं. दोनदा माझ्या डोळ्यात बोट गेलं.

सवयीनं तोंडातून निघालं, "प्रभू, हिच्या..."

ताईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. मान हलवली. मग त्याच हातानं टेबलावरचा कंगवा दाखवला. चार दिवस केस विंचरलेले नव्हते.

मी गुंता सोडवायला बसले. दोन तास लागले.

८

याला आता सात महिने झाले. मी रोज अकराला घरून निघते. ताईंना भरवते, हात चोळते, शब्द शिकवते. "पाणी" आलं, "नको" आलं. गेल्या महिन्यात तिसरा शब्द आला, तो मला उद्देशून "बावळट" असा होता, आणि इस्त्रीवाली इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. देवानं मला क्षमा केली आहे, यात मला शंका नाही. तो क्षमा करतो म्हणूनच माझ्यासारख्या बायका सकाळी उठू शकतात. पण ताईंचा उजवा हात परत आलेला नाही. तो येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. क्षमा झाली म्हणून तो मंगळवार काही पुसला जात नाही. मी रोज तो हात धुते.

चेहरे पुन्हा यायला लागले आहेत. पहिला आला तेव्हा मी जिन्यात बसून रडले.

लहान खोलीबद्दल मी फक्त पाळकसाहेबांना सांगितलं. आवाजाबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. म्हणाले, "जाऊबाई आज काय जेवल्या?"

आवाज गेला का, असं तुम्ही विचाराल. मी साडेअकराला घरात नसते, त्यामुळे मला सांगता येणार नाही. टायपिस्टबाई म्हणतात, पूर्वीपेक्षा बारीक येतो, कधी दोन-दोन दिवस येत नाही. पण परवा मला निघायला उशीर झाला. जरा अंग दुखत होतं, म्हटलं, आज नाही गेलं तर काय होतंय, इथूनच प्रार्थना करू. बोळाच्या टोकाला लहान खोलीचं दार मी बंद ठेवते. ते चार बोटं उघडं होतं. मी तशीच निघाले.

आता माझं एवढं ऐका. हे सगळं ऐकताना तुमच्या मनात कुणाचा तरी चेहरा येऊन गेला असेल. कुणाचा, ते मला सांगू नका. माझ्यासारखं तिसऱ्यांदा यायची वाटही बघू नका. उठा आणि जा. त्यांनी काय बोलायचं ते बोलू दे, खरं असेल तर तेही ऐकून घ्या. प्रार्थना जरूर करा, पण वाटेत करा, पाय उचलता उचलता. आणि जिना उतरताना वर तुमच्याच घरातून, तुमच्याच आवाजात, कुणी फार गोड प्रार्थना करत असलं, तर ऐकायला थांबू नका.